उच्च लेव्हलची फँटसी साहसे चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरांतील आकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील, म्हणजे २०१४ च्या नियमांतील आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत काही तपशील बदलले असले, तरी डीएमपुढच्या (म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरपुढच्या) अडचणी बऱ्याच अंशी त्याच आहेत. ज्याने खालच्या लेव्हलची एखादी कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) चालवली आहे आणि आता पात्रे आपल्या हाताबाहेर चालली आहेत असे ज्याला वाटू लागले आहे, अशा डीएमसाठी हे लिहिले आहे.

उच्च लेव्हल नेमकी कुठून सुरू होते?

नियमपुस्तक पात्रांच्या वीस लेव्हलचे चार टप्पे पाडते: १ ते ४, ५ ते १०, ११ ते १६ आणि १७ ते २०. माझ्या मते खरा उंबरठा तेराव्या लेव्हलला आहे, कारण तिथे सातव्या पातळीचे मंत्र (मंत्रांची पातळी पात्राच्या लेव्हलहून वेगळी मोजतात) हाती येतात आणि टेलिपोर्ट (क्षणात दूर जाणे), प्लेन शिफ्ट (दुसऱ्या विश्वात जाणे) व फोर्सकेज (जादूचा पिंजरा) एकदमच टेबलावर अवतरतात. दुसरा उंबरठा सतराव्या लेव्हलचा, म्हणजे नवव्या पातळीच्या मंत्रांचा. इतर आवृत्त्यांत आकडे वेगळे दिसतात. १९८४ चा कम्पॅनियन संच १५ ते २५ या लेव्हलसाठी होता, १९८५ चा मास्टर संच ३६ पर्यंत नेत असे, तर २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तीस लेव्हल होत्या. त्यामुळे आकड्यापेक्षा एक खूण ध्यानात ठेवावी: अंतर, गुप्तता आणि मृत्यू या तिन्ही गोष्टी पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाला, अडवेनाशा झाल्या की उच्च लेव्हलचा खेळ सुरू झाला.

खालच्या लेव्हलला उत्तम रंगलेली साहसे वर आल्यावर का फसतात?

कारण त्यांतील बहुतेक अडथळे 'हे जमेल का?' या प्रश्नावर उभे असतात. वाळवंट ओलांडता येईल का, खुनी सापडेल का, तटबंदीच्या आत शिरता येईल का, असे ते प्रश्न असतात. पंधराव्या लेव्हलच्या पार्टीसाठी या सर्वांचे उत्तर 'हो' असेच असते, आणि ते बहुधा एका मंत्रात मिळते. अशा वेळी वाळवंट आणखी रुंद करून किंवा तट आणखी उंच करून काहीही साधत नाही. अडथळ्याची जातच बदलावी लागते. पार्टीला काय जमते हे गृहीत धरून ती काय निवडेल, त्यासाठी काय खर्च करेल आणि त्या निवडीचे परिणाम कोणावर होतील, हे प्रश्न साहसाच्या मध्यभागी आणावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. वेढा पडलेल्या शहराला वाचवण्यासाठी पार्टी निघाली आहे. त्याच रात्री उत्तर दरवाजा कोसळण्याच्या बेतात आहे, शंभर कोसांवरच्या मठातून भविष्यवेत्तीला पळवून नेण्यात येत आहे आणि तिसऱ्या ठिकाणी सरदार शत्रूशी शरणागतीच्या अटी ठरवत आहे. पंधराव्या लेव्हलच्या विझार्डकडे सातव्या पातळीचा एक आणि आठव्या पातळीचा एक स्लॉट (दिवसातून एकदा मंत्र टाकण्याची सोय) असतो. टेलिपोर्ट करणारा दुसरा कोणी पार्टीत नसेल, तर दिवसभरात दोनच उड्या शक्य आहेत, आणि त्याच स्लॉटांवर फोर्सकेजचाही डोळा आहे. तिन्ही ठिकाणे गाठता येतात, पण तिन्ही ठिकाणी वेळेवर नाही. डीएमने इथे काहीही हिरावून घेतलेले नाही आणि तरीही टेबलावर अर्धा तास खडाजंगी होते. मात्र शहरात कायमस्वरूपी टेलिपोर्टेशन सर्कल (जादूने उडी मारून येण्याचे ठरलेले वर्तुळ) असेल, तर पाचव्या पातळीच्या स्लॉटवर परत येता येते आणि सगळा हिशेब बदलतो. तेव्हा नकाशावर अशी सर्कल कुठे आहेत हे आधीच ठरवून ठेवावे.

टेलिपोर्ट आणि स्क्राइंग (दुरून पाहण्याचा मंत्र) यांवर सरळ बंदी घातली तर?

घालू नये. खेळाडूने कित्येक महिने खेळून कमावलेली शक्ती ती मिळाल्याच्या दिवशी निकामी ठरवणे हा त्याचा विश्वासघात आहे. शिवाय बहुतेक वेळा बंदीची गरजही नसते, कारण या मंत्रांच्या मर्यादा त्यांच्या वर्णनातच दिलेल्या असतात आणि घाईच्या खेळात आपण त्या वाचत नाही.

टेलिपोर्टचेच पाहा. अगदी परिचयाच्या ठिकाणी जायचे असेल, तर शंभरपैकी ७६ वेळा नेमके पोहोचता येते. केवळ वर्णन ऐकून उडी मारली, तर हेच प्रमाण २७ वर येते आणि ४३ वेळा मंत्र फसून सर्वांना इजा होते. म्हणून शत्रूच्या गडाच्या आतील एखादी खोली पार्टीच्या परिचयाची कशी होईल, हाच एक उपसाहसाचा विषय होतो. एखाद्या फितुराला गाठावे लागते, किंवा त्या खोलीतली एखादी वस्तू मिळवावी लागते, कारण गेल्या सहा महिन्यांत तिथून आणलेली वस्तू हाती असेल तर टेलिपोर्ट चुकत नाही. स्क्राइंगलाही लक्ष्याच्या विस्डम सेव्हची (मंत्राचा परिणाम टाळण्यासाठी टाकायच्या फाशाची) अट आहे, तो सेव्ह यशस्वी झाला तर चोवीस तास पुन्हा प्रयत्न करता येत नाही, आणि लक्ष्य त्याच प्लेनवर (विश्वात) असावे लागते.

मग शत्रूचा गड जादूने बंदिस्त केला तर चालेल का? ते अन्यायाचे वाटणार नाही का?

चालेल, पण तीन अटींवर. पहिली अट अशी की संरक्षण नियमांतलेच असावे. मॉर्डेनकायनेन्स प्रायव्हेट सँक्टम हा चौथ्या पातळीचा मंत्र टेलिपोर्ट आणि स्क्राइंग या दोहोंना अडवू शकतो आणि एकाच जागी वर्षभर रोज केल्यास कायमचा होतो. टेलिपोर्ट अडवणारा फॉरबिडन्स तीस दिवसांत कायम होतो. म्हणजे ज्याच्याकडे वेळ आणि विझार्ड किंवा क्लेरिक (पुरोहित) आहे, त्याच्या महालात हे असणे स्वाभाविक आहे. दुसरी अट अशी की ते सर्वत्र नसावे. राजाच्या खलबतखान्यात असावे, तबेल्यात नसावे. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: पार्टीला हे आधी कळण्याची वाट असावी. पाडाव झालेल्या एखाद्या सरदाराच्या तोंडून 'मालकाच्या मनोऱ्यात उड्या मारून कोणी येत नाही' एवढे वाक्य निघाले, तरी खेळाडू त्यावर योजना आखू लागतात. तेच ऐन वेळी 'तुमचा मंत्र चालत नाही' असे ऐकवले, तर स्लॉट वाया गेल्याचा राग डीएमवर निघतो, आणि तो रास्त असतो.

मुख्य खलनायक दोन फेऱ्यांत मरतो. काय करावे?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे मूळ टर्नच्या गणितात आहे. पाच पात्रांना पाच टर्न मिळतात आणि खलनायकाला एक. लेजेंडरी ॲक्शन त्यासाठीच आहेत. इतरांच्या टर्न संपताना केलेल्या तीन छोट्या कृतींमुळे एकटा प्राणी संपूर्ण फेरीभर जिवंत वाटतो. लेजेंडरी रेझिस्टन्समुळे दिवसातून तीनदा फसलेला सेव्ह यशस्वी मानता येतो. परंतु फोर्सकेजला मुळात सेव्हच नाही, त्यामुळे तिथे या रेझिस्टन्सचा उपयोग शून्य. जो खलनायक एकटा उभा राहतो, तो पिंजऱ्यात सापडतो. म्हणून त्याच्याबरोबर निदान दोन-तीन समर्थ साथीदार असावेत आणि त्यांतील एकाकडे तो पिंजरा मोडणारा डिसइंटिग्रेट मंत्र असावा.

लिचचे, म्हणजे मृत्यूनंतरही टिकून राहिलेल्या जादूगाराचे, उदाहरण बोलके आहे. त्याची आव्हान श्रेणी (शत्रू किती कठीण याचा आकडा) २१ आहे, पण हिट पॉइंट (किती हानी सोसतो याचा आकडा) सरासरी १३५. सतराव्या लेव्हलच्या विझार्डने टाकलेल्या मीटिअर स्वॉर्मची सरासरी हानी १४० होते, आणि तो मंत्र मैलभरावरून टाकता येतो. लिचचा काउंटरस्पेल (दुसऱ्याचा मंत्र अडवणारा मंत्र) साठ फुटांपलीकडे पोहोचत नाही. उघड्या माळावर सापडलेला लिच पहिल्याच फटक्यात अर्धा होतो, तोही लेजेंडरी रेझिस्टन्स खर्चून. हा दोष आकड्यांचा नाही, जागेचा आहे. हजार वर्षे जगलेला जादूगार माळावर का उभा राहील? तो वळणावळणाच्या तळघरात, साठ फुटांच्या आतच समोरासमोर येता येईल अशा ठिकाणी, पहारेकऱ्यांच्या आड भेटायला हवा. आणि तरीही तो मेला तर मरू द्यावा. त्याची फिलॅक्टरी (आत्मा जपून ठेवणारी वस्तू) शाबूत असेल, तर एक ते दहा दिवसांत तो नव्या देहाने परततो, आणि आता त्याला पार्टीची पद्धत ठाऊक असते. दुसरी भेट पहिलीपेक्षा कितीतरी सरस होते.

खलनायकाचे हिट पॉइंट लढाई चालू असताना गुपचूप वाढवण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. खेळाडूंना ते कळते, आणि एकदा कळले की त्यानंतरचा प्रत्येक विजय त्यांना संशयास्पद वाटू लागतो.

लढाईची तयारी म्हणून नेमके काय लिहून ठेवावे?

शत्रूचा संपूर्ण स्टॅट ब्लॉक (आकडे व क्षमतांचा तक्ता) समोर असतोच, पण त्यातील पंधरा पर्यायांपैकी कोणता निवडावा याचा विचार टेबलावर बसून करू नये. मी प्रत्येक मोठ्या शत्रूसाठी एक कार्ड करावे या मताचा आहे. प्राचीन लाल ड्रॅगनसाठी ते साधारण असे होईल: 'फेरी १: धुरातून ऐंशी फूट वर, श्वास असा की क्लेरिक आणि विझार्ड दोघेही शंकूत यावेत. फेरी २: खाली उतरायचे नाही, पॅलाडिन जवळ आला तर शेपटी. ३०० हिट पॉइंटच्या खाली: लाव्हाच्या तळ्यावर सरकणे, कोबोल्डांना अंडी हलवण्याचा हुकूम. १०० च्या खाली: बोलणी.' पाच-सहा ओळी पुरतात. यातली शेवटची ओळ अनेक डीएम विसरतात. ५४६ हिट पॉइंटचा, शतकानुशतके जगलेला, बुद्धिमान प्राणी शेवटच्या थेंबापर्यंत का लढेल? त्याच्याकडे देण्यासारखे आणि लपवण्यासारखे बरेच काही असते.

आव्हान श्रेणीवर विसंबावे का?

वरच्या लेव्हलला फारसे नाही. ती श्रेणी जादूच्या वस्तू, पार्टीचा आपसातील मेळ आणि रणांगणाची रचना विचारात घेत नाही, आणि दहाव्या लेव्हलनंतर निकाल प्रामुख्याने याच तिन्हींवर ठरतो. सुरुवातीची दोन-तीन सेशन नियमांच्या मते 'घातक' ठरणाऱ्या लढती ठेवून पाहाव्यात आणि आपल्या टेबलाचा अंदाज बांधावा. 'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा हिशेब वीस लेव्हलपर्यंत बऱ्यापैकी जुळतो, कारण तिथे बहुतेक प्रत्येक चाचणीत लेव्हल थेट मिळवली जाते.

फायटर (योद्धा) आणि रोग (चोर-हेर पात्र) मागे पडतात. त्यांना टेबलावर महत्त्व कसे द्यावे?

विझार्ड वास्तवाला वाकवत असताना फायटर केवळ चार वेळा तलवार चालवतो, ही तक्रार जुनी आहे. तिच्यावर एक जुनाच उपायही आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत नवव्या लेव्हलच्या सुमारास फायटर गड बांधू शकत असे आणि त्याच्याकडे शिबंदी जमत असे. म्हणजे त्याला मिळणारी शक्ती मंत्रांची नव्हे, तर माणसांची होती. २०१४ च्या नियमांत हे आपोआप मिळत नाही, पण डीएमने ते द्यावे. ज्या फायटरच्या शब्दावर तीन हजार भालेकरी उभे राहतात, ज्याच्या सहीशिवाय तह पुरा होत नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष करून कथा पुढे सरकूच शकत नाही. रोगच्या बाबतीतही तसेच: प्रत्येक बंदरात त्याचे कान असावेत, आणि स्क्राइंगने जे दिसत नाही ते त्या कानांना ऐकू यावे.

लढाईत याला दोन जोड द्याव्यात. एक म्हणजे लढती लांबवाव्यात, कारण तलवारीचे स्लॉट संपत नाहीत. दुसरी म्हणजे जादूच्या वस्तू वाटताना हात सढळ ठेवावा आणि उडण्याची सोय सर्वांत आधी फायटरला द्यावी. आकाशात घिरट्या घालणाऱ्या शत्रूकडे पाहत बसलेला फायटर हे उच्च लेव्हलच्या टेबलावरचे सर्वांत केविलवाणे दृश्य आहे.

सेव्हिंग थ्रो कधीच जमत नाहीत, अशी खेळाडूंची तक्रार आहे. ती खरी आहे का?

खरी आहे. प्राचीन लाल ड्रॅगनच्या दहशतीचा सेव्ह २१ चा आहे. विस्डम १० असलेल्या आणि त्या सेव्हमध्ये प्रावीण्य नसलेल्या फायटरने फाशावर २० आणले, तरीही तो अपयशीच ठरतो, कारण सेव्हमध्ये २० म्हणजे आपोआप यश असा नियम नाही. कमकुवत सेव्ह पहिल्या लेव्हलला जेवढा असतो, जवळपास तेवढाच विसाव्यालाही राहतो. शत्रूचा आकडा मात्र वाढत जातो. उपाय खेळातच आहेत. पॅलाडिनचा ऑरा, ब्लेस आणि चोवीस तास भीतीपासून पूर्ण संरक्षण देणारे हीरोज फीस्ट ही साधने पार्टीने वापरावीत अशी अपेक्षा आहे, आणि ती वापरण्याइतकी पूर्वसूचना देणे हे डीएमचे काम आहे. याखेरीज संपूर्ण लढाईभर एखाद्या खेळाडूला हात बांधून बसवणारे मंत्र मी तरी जपून वापरतो. तीन तासांच्या सेशनमध्ये दीड तास नुसते बघत बसायला कोणी येत नाही.

एक फेरी संपायला पाऊण तास लागतो. वेग कसा वाढवावा?

राक्षसांच्या हानीसाठी फासे न टाकता छापील सरासरी घ्यावी. ड्रॅगनच्या श्वासाचे सव्वीस फासे मोजण्यापेक्षा '९१' म्हणणे कोणालाही खटकत नाही. आपली टर्न आल्यावर मंत्राचे वर्णन शोधायला बसणाऱ्या खेळाडूला, आधीच्या खेळाडूची टर्न चालू असतानाच निर्णय घेण्याची सवय लावावी. दहा-बारा किरकोळ शत्रू असतील, तर त्यांचा एकच इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम) ठेवावा. आणि ज्या लढतीचा निकाल उघड आहे ती फाशांवर खेळूच नये. सोळाव्या लेव्हलच्या पार्टीने चाळीस डाकूंचे काय केले हे खेळाडूंनाच दोन वाक्यांत सांगू द्यावे.

मृत्यूचे भय उरत नाही, मग ताण कशाचा?

रेझ डेड दहा दिवसांपर्यंतच्या मृताला ५०० सुवर्णनाण्यांच्या हिऱ्याच्या मोबदल्यात परत आणतो, रेझरेक्शन शंभर वर्षांपर्यंतच्या, आणि ट्रू रेझरेक्शन दोनशे वर्षांपर्यंतच्या. शेवटच्याला २५,००० सुवर्णनाण्यांचे हिरे लागतात. तेव्हा पात्राचा मृत्यू हा शेवट न राहता खर्च होतो. त्या खर्चाला वजन द्यायचे असेल, तर हिरे हे खरोखरच दुर्मीळ असू द्यावेत. राज्यात तेवढ्या किमतीचे हिरे एकाच मंदिराकडे असतील आणि ते मंदिर पार्टीवर नाराज असेल, तर एक अख्खे साहस तिथेच तयार होते. शिवाय आत्मा परत यायला राजी असावा लागतो, ही अट विसरू नये.

परंतु खरा ताण पात्रांच्या जिवाबाहेर ठेवलेला बरा. त्यांनी वसवलेले गाव, त्यांचा शिष्य, त्यांनी दिलेला शब्द: यांतले काहीही एका मंत्राने पूर्ववत होत नाही. हजारभर मेलेल्यांपैकी एकालाच परत आणता येईल, असे क्लेरिकला सांगून पाहावे.

विश या मंत्राला कसे हाताळावे?

आठव्या किंवा त्याखालच्या पातळीच्या मंत्राची नक्कल म्हणून तो वापरला, तर कोणतीही अडचण नाही. त्यापलीकडची इच्छा मागितली, तर करणाऱ्यावर ताण येतो, त्याची ताकद काही दिवस ३ वर उतरते आणि तो मंत्र कायमचा गमावण्याची ३३ टक्के शक्यता असते. एवढी किंमत मोजणाऱ्या खेळाडूच्या शब्दांचा कीस काढून त्याला फजित करणे मला क्षुद्रपणाचे वाटते. इच्छा वाजवी असेल तर ती पुरी करावी आणि मग जगात तिचे पडसाद काय उमटतात ते प्रामाणिकपणे चालवावे. मेलेला राजा जिवंत झाला, तर गादीवर बसलेल्या नव्या राणीचे काय? सिम्युलेक्रमच्या (जादूने केलेल्या प्रतिरूपाच्या) मदतीने विशची साखळी तयार करण्याची युक्ती मात्र सुरुवातीलाच, सर्वांशी बोलून, बाद करावी.

पार्टी प्रत्येक लढाईनंतर विश्रांती घेते. थांबवावे कसे?

मॅग्निफिसंट मॅन्शन हा मंत्र मिळाल्यावर तर ती चोवीस तास सुरक्षित महालातच मुक्काम करू शकते, त्यामुळे रात्री अचानक हल्ला करून काही उपयोग नाही. विश्रांती घेऊ द्यावी, पण आठ तासांत शत्रूने काय केले ते ठरवून ठेवावे आणि सकाळी दाखवावे.

थेट पंधराव्या लेव्हलपासून कॅम्पेन सुरू करावी का?

अनुभवी खेळाडू असतील तर जरूर करावी. परंतु पहिले सेशन लढाईचे ठेवू नये. प्रत्येकाने आपल्या पात्राचा एक शत्रू, एक ऋणको आणि एक अशी जागा सांगावी जिथे त्याचे नाव घेतल्यावर दार उघडते. एवढ्यावर कॅम्पेनचा निम्मा मजकूर तयार होतो, आणि स्टॅट ब्लॉकचा अर्थ समजायला खेळाडूंनाही उसंत मिळते. नवख्या खेळाडूंना मात्र निदान पाचव्या लेव्हलपासून वर आणावे.

विसाव्या लेव्हलनंतर काय?

नियमांप्रमाणे ३,५५,००० अनुभव गुणांना विसावी लेव्हल मिळते आणि त्यापुढे दर ३०,००० गुणांमागे एक एपिक बून (विशेष वरदान) देता येतो. खेळ थांबत नाही, पण बहुतेक कथा इथे आपला शेवट मागू लागतात. तो नीट व्हावा असे वाटत असेल, तर सतराव्या लेव्हलच्या आसपास खेळाडूंना स्पष्ट विचारावे की त्यांच्या पात्रांना अखेरीस काय हवे आहे: गादी, मोक्ष, सूड की नुसते घर. त्या उत्तरांतली निदान दोन परस्परविरोधी निघतात. शेवटची चार-पाच सेशन त्या विरोधाभोवती बांधावीत, आणि अखेरच्या लढाईनंतर एक सेशन फाशांशिवाय ठेवावे, ज्यात प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राची पुढची दहा वर्षे स्वतः सांगेल.